झांकलेली शेगडी

प्रत्येक घरांत दोन जागा असतात. पाहुणा येणार म्हणतांच जी झाडून-पुसून लख्ख होते ती एक, आणि पाहुणा येणार म्हणतांच जिच्यावर चादर पडते ती दुसरी. पहिल्या जागेवरून घराची ऐपत कळते. दुसरीवरून घराचा स्वभाव. आमच्या पुण्याच्या घरांत जिन्याखालची कोठी ही अशी दुसरी जागा होय. तिच्यांत काय काय आहे हें विचारण्याचें धाडस गेल्या तीन पिढ्यांत कोणी केलेलें नाहीं. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याकडे मोठ्या शहाणपणाची समजली जाते, आणि आम्हींहि ती मुलांना वेळोवेळीं ऐकविली आहे. परंतु मुठीला जें लागू पडतें तें शेगडीला लागू पडत नाहीं, हा धडा आम्हांस वयाच्या सत्तराव्या वर्षीं, आणि तोहि सातासमुद्रांपलीकडे जाऊन, घ्यावा लागला.

आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांतील एडिसन या गांवीं राहतात. विजेच्या दिव्यामुळें जगाला ठाऊक झालेल्या एडिसनची मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळा याच गांवाच्या हद्दींत होती, म्हणून १९५४ सालीं गांवाला त्याचें नांव देण्यांत आलें. आतां तेथील ओक ट्री रोडवर उभें राहिलें तर कोथिंबिरीच्या जुडीपासून उपवासाच्या साबुदाण्यापर्यंत सर्व कांहीं मिळतें, आणि आपण परदेशांत आहोंत हें रस्त्याच्या रुंदीवरून ओळखावें लागतें. गेल्या वर्षीं एप्रिलच्या अखेरीस आम्ही उभयतां तिकडे गेलों. सूनबाईंनीं आमची खोली सजविली होती, स्वयंपाकघरांत देवांसाठीं कोनाडा केला होता, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या सोयीकरितां पितळी तांब्यासुद्धां कोठून तरी पैदा केला होता. घर आरशासारखें होतें.

मागल्या दारीं लांकडी फळ्यांचा ओटा होता. त्याच्या कोपऱ्यांत, पावसांत अडकलेल्या माणसानें घोंगडी ओढून बसावें तसें, काळ्या मेणकापडाखालीं कांहीं तरी उभें होतें. आम्हीं नातीला विचारलें, “हें काय ग?” ती म्हणाली, “आबा, त्याला हात लावायचा नाहीं. आजी परत जाईपर्यंत तें उघडायचं नाहीं, असं बाबांनीं सांगितलं आहे.”

मूल तें, त्याला झांकपाक कोठून येणार? आम्हीं मेणकापडाचें टोंक उचलून पाहिलें. ती गॅसवर चालणारी, अंगणांत ठेवण्याची मोठी शेगडी होती. तिला तेथें ग्रिल म्हणतात, आणि तिच्यावर पदार्थ भाजून चार मंडळींनीं मिळून खाण्याच्या समारंभास बार्बेक्यू. तिच्यावर काय भाजलें जात असेल हें समजण्यास फार मोठ्या बुद्धीची गरज नव्हती. आम्हीं टोंक खालीं सोडलें, आणि हा शोध सौभाग्यवतींच्या कानांवर घालण्याचें कारण नाहीं असें ठरविलें. म्हणजे चिरंजीवांनीं एक पांघरूण घातलें होतें, त्यावर आम्हीं दुसरें घातलें.

येथें वाचकांस या प्रकाराची थोडी ओळख करून दिली पाहिजे. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत शेतावर जसा हुरडा, तसा अमेरिकेंत उन्हाळ्यांत हा बार्बेक्यू. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाची सुटी असते. त्या दिवसापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारीं येणाऱ्या कामगार दिनापर्यंत, सुटीच्या संध्याकाळीं साऱ्या आळींतून धूर दरवळतो. पूर्वीं हें काम लांकडावर व कोळशावर चाले. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनीं १९२० नंतरच्या दशकांत, मोटारींच्या लांकूडकामांतून उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून त्याच्या वड्या विकण्यास आरंभ केला. १९५२ सालीं शिकागोकडील जॉर्ज स्टीफन नांवाच्या गृहस्थानें पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचें गोल कवच मधोमध कापून त्याची झांकणाची शेगडी बनविली, आणि ती घरोघर गेली. पुढें गॅस आला, आणि निखारे फुलविण्याची खटपट पुष्कळांच्या मागची सुटली. शाकाहारी मनुष्याला या समारंभांत स्थान नाहीं असें मात्र मुळींच नाहीं. कणसें, वांगीं, ढोबळी मिरची, पनीर, इतकेंच काय पण अननसाच्या चकत्याहि तिच्यावर उत्तम भाजतात.

जूनच्या मध्यावर एका शनिवारीं नातीचा दहावा वाढदिवस होता. शेजारची चार बिऱ्हाडें संध्याकाळीं येणार होतीं. दुपारीं ओक ट्री रोडवरून कणसें आणलीं, आणि तीं भाजावीं कशीं याचा खल सुरू झाला. तेव्हां आमच्या सौभाग्यवती शांतपणें म्हणाल्या, “मागच्या ओट्यावर ती शेगडी आहे कीं. काळ्या कापडाखालीं झांकून ठेवली आहे ती काय तुळशीवृंदावन आहे?”

चिरंजीवांचा चेहरा उतरला. आमचाहि उतरला असावा. “अग आई, ती साफ केलेली नाहीं,” एवढेंच ते बोलले. “मग कर,” असें सौभाग्यवतींचें उत्तर आलें, आणि त्या कणसें सोलावयास बसल्या.

मंडळी यावयास तासभर उरला होता. चिरंजीवांनीं मेणकापड ओढून काढलें, वरचें पोलादी झांकण पुसून चकचकीत केलें, जाळीवर तारेचा कुंचला दोन वेळ फिरविला, आणि झांकण उघडून गॅस पेटविला. दोन नळ्या निळ्या ज्योतीनें पेटल्या. तिसरीची ज्योत मात्र पिवळी, मोठी आणि आळशी होती. ती जाळींतून वर डुलत होती आणि तिच्या शेंड्याला काजळी येत होती. काय झालें आहे तें पाहावयास चिरंजीव वांकले. तोंच ‘भप्’ असा आवाज झाला, आणि जेथें विस्तव असण्याचें कांहीं कारण नाहीं तेथें, म्हणजे चाव्यांच्या खालीं पुढच्या बाजूस, ज्वाळा निघाल्या. गॅसची रबरी नळी तेथून वीतभर अंतरावर होती. आम्ही नुसते ओरडलों. आमच्या हातून दुसरें कांहीं झालें नाहीं. चिरंजीवांनीं गुडघे टेकले, खालच्या कपाटांत हात घातला, आणि सिलिंडरची चावी बंद केली. क्षणभरांत आग विझली. सदऱ्याची बाही जळली, मनगटावरचे केस होरपळले, याहून अधिक कांहीं झालें नाहीं.

परंतु कणसांचें ताट हातांत घेऊन नात तेथून चार पावलांवर उभी होती. त्या चार पावलांची आठवण झाली कीं अजूनहि आमची झोंप उडते.

कणसें कुकरमध्यें उकडलीं. वाढदिवस पार पडला. पाहुणे गेल्यावर, मूल निजल्यावर, आम्ही चौघें स्वयंपाकघरांतील टेबलाभोंवतीं बसलों. बराच वेळ कोणी बोलेना. अखेर सौभाग्यवतींनीं विचारलें, “किती दिवस झाले ती घांसून?”

“गेल्या ऑक्टोबरांत झांकली, आई. तुम्ही येणार म्हणून या वर्षीं उघडलीच नाहीं.”

“म्हणजे वर्षाची घाण माझ्या नांवानं सांभाळून ठेवलीस म्हणायची!” त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, “तूं काय खातोस तें मला कळत नाहीं असं वाटतं तुला? मी सोवळ्याची असेन, आंधळी नव्हे. तें मला आवडत नाहीं, आणि पुढंहि आवडायचं नाहीं. पण माझ्या भीतीनं तूं घरांतला विस्तव कापडाखालीं ठेवलास, याचं मला वाईट वाटतं. विस्तव राखेखालीं झांकतात रे. कापडाखालीं झांकलेला कधीं ऐकला आहेस?”

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. चिरंजीव मान खालीं घालून बसले होते. वातावरण थोडें हलकें करावें म्हणून आम्हीं मध्येंच तोंड घातलें. अग्नीला पावक म्हणतात, तो सर्व कांहीं शुद्ध करतो, तेव्हां त्याच्या शेगडीला विटाळ तो कसला, अशा अर्थाचें चार वाक्यांचें व्याख्यान आम्हीं दिलें. सौभाग्यवतींनीं तें पुरतें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “अग्नि पावक खरा. पण त्याचं ताट कोणीतरी घांसावं लागतंच ना? उद्यां सकाळीं तुम्ही दोघे घांसा.”

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. सकाळीं चहा होतांच आम्ही पितापुत्र कामाला लागलों, आणि सौभाग्यवती ओट्यावर खुर्ची टाकून, नाकाला पदर लावून, देखरेखीस बसल्या. तें काम आम्हीं ज्या क्रमानें केलें त्याच क्रमानें येथें सांगतों. कारण ज्या वाचकांचीं मुलें-नातवंडें परदेशीं आहेत त्यांना तें उपयोगीं पडेल, आणि ज्यांचीं नाहींत त्यांच्याहि घरीं गॅस आहेच.

प्रथम सिलिंडर बंद करून तो वेगळा काढला. तेथील सिलिंडर आपल्याहून लहान, वीस पौंडांचा, म्हणजे सुमारें ९ किलो गॅसचा असतो; आपला घरगुती १४.२ किलोचा. नंतर जाळ्या उचलल्या. झांकणाच्या आंतून काळे पापुद्रे लोंबत होते. चिरंजीव म्हणाले, रंग उडाला आहे. तो रंग नव्हता. धूर आणि चरबी पुनःपुन्हां तापून त्यांचा कोळसा होतो, त्याचे ते पोपडे होते. लांकडी उलथण्यानें खरवडतांच सर्व खालीं आले. जाळ्यांच्या खालीं, प्रत्येक नळीवर एकेक, उलट्या कौलासारखे घडीचे पत्रे असतात. वरून गळणारा रस ज्योतीवर पडूं नये, तो या पत्र्यांवर पडून जळावा, अशी ती योजना आहे. त्यांच्यावर बोटाच्या जाडीचा थर बसला होता. तोहि खरवडला.

मग नळ्या. या शेगडीचें रहस्य काय तें या नळ्यांत आहे. गॅस एका अगदीं बारीक छिद्रांतून जोरानें नळीच्या तोंडांत शिरतो, आणि शिरतांना बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. हवा व गॅस नळींत मिसळतात, आणि मग ओळीनें पाडलेल्या छिद्रांतून बाहेर येऊन पेटतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांनीं गेल्याच्या मागील शतकांत प्रयोगशाळेसाठीं जो दिवा प्रचारांत आणला त्याचें तत्त्व हेंच; आपल्या स्वयंपाकघरांतील शेगडीचेंहि हेंच. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी, आंखूड आणि खमकी असते. हवा कमी पडली कीं ती पिवळी होते आणि काजळी धरते. पिवळी ज्योत म्हणजे शेगडीनें मारलेली हांक आहे. ती आदल्या दिवशीं आम्ही ऐकली नाहीं.

तिसरी नळी काढून तिच्या तोंडांत पाहिलें. आंत पांढऱ्या कापसासारखा बोळा होता. तें कोळ्याचें जाळें होतें, आणि त्यांत अंड्यांची लहानशी पिशवी. थंडीच्या दिवसांत अशा अंधाऱ्या, कोरड्या नळ्या कोळ्यांना फार सोयीच्या वाटतात. ही कांहीं थट्टेची गोष्ट नव्हे. २०११ सालीं एका जपानी मोटार कंपनीला अमेरिकेंतील सुमारें पन्नास हजार गाड्या याच कारणानें परत बोलवाव्या लागल्या होत्या. एका जातीच्या पिवळ्या कोळ्यानें पेट्रोलच्या टांकीच्या हवेच्या नळींत जाळीं विणलीं होतीं. आमच्या शेगडींत त्या जाळ्यामुळें गॅसला पुढें वाट मिळेना, म्हणून तो नळीच्या तोंडाशीं तुंबून मागें उलटला आणि तेथेंच पेटला. चाव्यांखालच्या आगीचें कारण चिमूटभर वजनाचें होतें.

तो बोळा पाहून सौभाग्यवती पदर सोडून पुढें आल्या. “अग बाई! हें स्टोव्हच्या निपलासारखंच आहे!” आणि खरोखरच तसें होतें. आमच्या आईच्या वेळीं घरांत पितळी प्रायमस स्टोव्ह होता. स्वीडनमध्यें १८९२ च्या सुमारास निघालेलें तें यंत्र महाराष्ट्रांतील किती स्वयंपाकघरांतून फरफरलें याची गणतीच नाहीं. ज्योत तांबूस दिसली कीं आई म्हणे, “निपलांत कचरा बसला,” आणि कोनाड्यांतील पिन काढून तें छिद्र मोकळें करी. तिला बुन्सेन ठाऊक नव्हता, पण ज्योतीचा रंग ठाऊक होता. नवी सून घरांत आली कीं तिला पहिल्या आठवड्यांत स्टोव्हची पिन कशी मारावी हें शिकविलें जाई; आमच्या सौभाग्यवतीहि आईच्या हाताखालीं तें शिकल्या होत्या. त्यांनीं सूनबाईंना बोलाविलें, लवचिक तारेला बांधलेला बारीक कुंचला नळीच्या तोंडांतून आंत कसा घालावयाचा तें दाखविलें, आणि तीन्ही नळ्या त्या दोघींनीं मिळून साफ केल्या. ज्योतींच्या छिद्रांवर कुंचला फिरवावयाचा तो आडवा. लांबीच्या दिशेनें फिरविला तर एका छिद्रांतील घाण दुसऱ्यांत जाऊन बसते.

पेटीचा तळ आणि त्याखालचें चरबीचें तबक एवढें काम उरलें. तबकांत दोन बोटें थिजलेली चरबी होती. या तबकाला सौभाग्यवतींनीं हात लावला नाहीं, आणि त्यांनीं तो लावावा अशी आमचीहि अपेक्षा नव्हती. त्या मात्र उठूनहि गेल्या नाहींत. आदल्या दिवशीं आग पुढच्या बाजूस न लागतां येथें लागती, तर ती सिलिंडर बंद करूनहि विझती ना. चरबी जळूं लागली तर तिच्यावर पाणी कधींहि टाकूं नये. पाण्याची क्षणांत वाफ होऊन जळती चरबी चारी बाजूंस उडते. गॅस बंद करावा, झांकण मिटावें, आणि हवेवांचून ती आग मरूं द्यावी. त्याहून बरें म्हणजे तबक दर वेळीं पाहावें, आणि भरण्यापूर्वीं रितें करावें. चिरंजीवांनीं तें खरवडून, गरम पाणी व साबण लावून तीन वेळ धुतलें.

जाळ्या बिडाच्या होत्या. तारेचा कुंचला घेऊन आम्ही पुढें सरसावलों, तों सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तो नको.” त्यांचें म्हणणें खरें होतें. अशा कुंचल्याची एखादी तार तुटून जाळीला चिकटते, तेथून अन्नांत जाते, आणि घशांत किंवा आंतड्यांत रुतते. २०१२ सालीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें ऱ्होड आयलंडमधील अशा सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली होती. मग घांसावें कशानें? सौभाग्यवतींनीं देवघरापुढील नारळाकडे बोट दाखविलें. नारळ सोलला, शेंडीचा बोळा केला, आणि गार जाळीवर साबणाच्या पाण्यानें तो घांसला. जेथें काळें निघेना तेथें लांकडी पट्टीनें खरवडलें. आपल्या आज्यांनीं ज्या काथ्यानें पिढ्यान् पिढ्या भांडीं घांसलीं त्यानें न्यू जर्सींतील ती जाळीहि स्वच्छ केली, आणि त्याचा तंतु पोटांत गेला तरी तो तारेसारखा टोंचणारा नव्हे. मग जाळ्या पुसून, तापवून कोरड्या केल्या, आणि त्यांना तेलाचा हलका हात दिला. बिडाच्या तव्याला गंज चढूं नये म्हणून आपण जें करतों तेंच हें होय.

शेवटीं जुळणी. सिलिंडर जोडून, साबण व पाणी समभाग घेऊन तो फेस नळीच्या प्रत्येक सांध्यावर लावला. गॅस झिरपत असेल तर तेथें बुडबुडे फुगतात. काडी ओढून पाहण्याची जी वाईट खोड कांहीं लोकांना असते ती प्राण घेणारी आहे. बुडबुडे आले नाहींत. शेगडीच्या चाव्या बंद ठेवून सिलिंडरची चावी हळूहळू उघडली. एकदम उघडली तर रेग्युलेटरमधील सुरक्षेची योजना गळती समजून गॅस अडविते, आणि मग ज्योत मंद कां याचा शोध करीत बसावें लागतें. झांकण उघडेंच ठेवून गॅस पेटविला. मिटल्या झांकणाखालीं गॅस सोडून मग ठिणगी पाडणें म्हणजे बार उडविणें होय.

तीन्ही ज्योती निळ्या आल्या. नात टाळ्या वाजवूं लागली. तिला आम्हीं ओट्याच्या पायऱ्यांखालीं उभें केलें होतें.

संध्याकाळीं चिरंजीव बाजारांतून एक नवी जाळी घेऊन आले आणि ती त्यांनीं आईपुढें ठेवली. “ही तुझी. हिच्यावर दुसरं कांहीं भाजायचं नाहीं.” सौभाग्यवतींनीं ती उलटसुलट करून पाहिली, धुतली, तेल लावून तापविली, आणि तिच्यावर स्वतः दोन वांगीं ठेवलीं. वांगीं भाजतांना त्या शेगडीजवळ उभ्या होत्या. भरीत झालें, पानांत वाढलें गेलें. पहिला घांस घेण्यापूर्वीं त्यांचा हात किंचित् थांबला. तो थांबलेला आम्हीं पाहिला, चिरंजीवांनींहि पाहिला. मग त्यांनीं घांस घेतला आणि म्हणाल्या, “मीठ थोडं कमी आहे.” आमच्या चाळीस वर्षांहून अधिक संसारांत इतकी दिलासा देणारी तक्रार आम्हीं ऐकली नव्हती.

४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, चिरंजीवांच्या कचेरींतील मंडळी आली. त्या दिवशीं जुन्या जाळीवर जें भाजावयाचें तें भाजलें गेलें. सौभाग्यवती आंतल्या खोलींत पुस्तक घेऊन बसल्या. त्यांना तो वास सोसत नाहीं, आणि सोसतो असें त्यांनीं भासविलेंहि नाहीं. मंडळी गेल्यावर मात्र त्या दारांत येऊन उभ्या राहिल्या आणि विचारत्या झाल्या, “तबक रितं केलंस का रे?”

या प्रसंगाचा विचार करतां आम्हांस आमचेंच घर आठवतें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा पुढें आला, आणि रानडे-टिळकांसारख्या थोरांवर ग्रामण्य उठलें. तो इतिहास आपण आतां हंसत हंसत सांगतों. परंतु त्यानंतर कित्येक वर्षांनीं आमचे एक चुलते इराण्याच्या हॉटेलांत ऑम्लेट खाऊन, वाटेंत बडीशेप चघळून घरीं येत. आजीला तें ठाऊक होतें, आणि आजीला ठाऊक आहे हें त्यांना ठाऊक होतें. दोघांपैकीं कोणी एक शब्द बोललें नाहीं, आणि या न बोलण्याला आमच्या घरांत मर्यादा म्हणत. एकत्र कुटुंब अशा पुष्कळ पांघरुणांवर चालतें, आणि तीं सगळींच ओढून काढावींत असें आमचें म्हणणें नाहीं. वडीलधाऱ्यांसमोर एखादी गोष्ट न करणें हा मान होय, तो असावा. परंतु ज्या गोष्टीला रोजची देखभाल लागते ती मानासाठीं झांकून ठेवली, कीं मान तसाच राहतो आणि गोष्ट आंतून तुंबते. चुलत्यांना पुढें पोटाचा विकार जडला. बाहेरचें खातों हें घरीं कळेल म्हणून ते वर्षभर वैद्याकडेहि गेले नाहींत. तें आम्हीं लहानपणीं पाहिलें होतें, आणि तरीहि एडिसनला मेणकापडाचें टोंक खालीं सोडलें. चिरंजीवांपेक्षां आमचा दोष अधिक होता.

सप्टेंबरांत आम्ही परत आलों. येतांच सौभाग्यवतींनीं आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरांतील गॅस खाटेसारखा आडवा केला. वरचा पोलादी पत्रा रोज दोन वेळ पुसला जातो, त्यामुळें शेगडी स्वच्छ आहे असा घरांतील सर्वांचा समज होता. बर्नर काढले तों त्यांच्या छिद्रांत ऊतूं गेलेलें दूध आणि वरणाचें पाणी वाळून बसलें होतें. खालची नारिंगी नळी सिलिंडरच्या मागें वळली होती तेथें तिला बारीक चिरा होत्या. तिच्यावरील साल वाचलें, तर पांच वर्षांनीं बदलावयाची ती नळी आठ वर्षें झालीं तरी तशीच होती. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, “आई, ज्योत पिवळी येते हें मला दोन महिन्यांपासून दिसत होतं. पण तुम्ही घरीं नाहीं, आणि तुमच्या मागं तुमचा गॅस उघडला तर तुम्हांला आवडेल कीं नाहीं, असं वाटलं.”

सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्याच दिवशीं नवी नळी आणली, साबणाचा फेस लावून सांधे पाहिले, आणि बर्नर उकळत्या पाण्यांतून काढून, छिद्रें सुईनें मोकळीं करून, उन्हांत वाळविले. तें काम दोघी सासूसुनांनीं मिळून केलें, आणि गॅस उघडण्यास यापुढें कोणाची परवानगी लागणार नाहीं असें ठरलें.

दर रविवारीं एडिसनशीं बोलणें होतें. परवां नातीनें फोन शेगडीजवळ नेला, अर्थात् चार पावलें दूर राहून, आणि ओरडून सांगितलें, “आजी, तीन्ही निळ्या आहेत!” सौभाग्यवतींनीं चष्मा लावून ज्योती नीट पाहिल्या आणि समाधानानें मान हलविली. मग फोन खालीं ठेवून त्या आम्हांस म्हणाल्या, “जिन्याखालच्या कोठींत काय आहे हो?”

पुढच्या रविवारीं ती उघडावयाची आहे.